महाराणीची पेज

डोंबिवलीच्या माणसाकडे आणखी काही असो वा नसो, मत असतं. गाडीत त्याला चौथी सीट मिळणार नाही, नळाला पाणी येणार नाही, पण मत चोवीस तास हजर. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात पहिला अंक संपल्यावर बटाटेवड्याच्या रांगेत जी समीक्षा होते, ती छापली तर निम्मी नटमंडळी धंदा बदलतील. कल्याणकर हेच काम अत्रे रंगमंदिराबाहेर करतात आणि ठाणेकर गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर. ठाणेकर हल्ली जरा हळू आवाजात बोलतो एवढंच, कारण त्याच्या फ्लॅटचा भाव वाढला आहे.

मी स्वतः तीस वर्षं ७.५२ च्या गाडीत उभ्याने समीक्षा केली आहे. नाटक, क्रिकेट, अर्थसंकल्प आणि शेजाऱ्याच्या डब्यातली भेंडी, यातलं काहीही मी सोडलं नाही. विषयाची माहिती हवी ही अट आमच्या डब्यात कधीच नव्हती. तेव्हा एका काळ्या, कडक एलबद्दल मी आता चार शब्द लिहिणार आहे म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत.

माझा अनुभव विचाराल, तर बिअर मी आयुष्यात मोजून सात वेळा प्यायलो. त्यातल्या पाच वेळा ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभाला. त्यामुळे बिअरची चव आणि कोणीतरी रिटायर झाल्याचं दुःख यांची माझ्या जिभेवर कायमची गल्लत झाली आहे. अजूनही घोट घेतला की मला भाषण ऐकू येतं आणि मागून शाल-श्रीफळ दिसतं.

तर झालं असं, की आमचे चिरंजीव तीन वर्षांपूर्वी ठाण्याला राहायला गेले. डोंबिवली ते ठाणे हे अंतर रेल्वेच्या हिशेबाने अर्ध्या तासाचंही नाही, पण बापलेकांच्या हिशेबाने बरंच आहे. रविवारी फोन येतो. "गुडघा कसा आहे?" "आहे." "जेवलात?" "हो. तू?" "हो." मग दोन्ही बाजूंनी श्वास ऐकू येतो आणि फोन हिच्याकडे जातो. असं चाललेलं असताना एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, पुढच्या शनिवारी या. घोडबंदर रोडला एक जागा आहे, तिथेच बिअर बनवतात. काळी एल आहे. इंपीरियल. तुम्हाला चव दाखवायची आहे."

'इंपीरियल' या शब्दाने माझा घात केला. आमच्या पिढीने हा शब्द फक्त बँकेच्या पाटीवर आणि इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला. तो पेल्यात ओतून मिळतो म्हटल्यावर मी आठ दिवस अभ्यासाला बसलो.

अभ्यासात जे सापडलं ते मोठं रंजक होतं. एल ही बिअरच. बिअर घराण्याची थोरली पाती म्हणा ना. हिचं यीस्ट उबेला काम करतं आणि थोडक्या दिवसांत उरकतं. बाटलीतून आपल्याकडे मिळते ती बहुतेक लागर, म्हणजे धाकटी पाती. ती थंडाव्यात सावकाश तयार होते. अठराव्या शतकात लंडनमध्ये एक काळसर बिअर हमाल लोकांत फार लोकप्रिय होती. हमालाला इंग्रजीत पोर्टर म्हणतात, म्हणून तिचं नावही पोर्टर. त्यातली अधिक कडक ती स्टाउट, म्हणजे धट्टीकट्टी. आणि हे हमालांचं पेय चढत चढत पोचलं कुठे, तर रशियाच्या दरबारात! लंडनच्या सदर्क भागात थ्रेल नावाच्या गृहस्थाचा बिअरचा कारखाना होता. हा डॉक्टर जॉन्सनचा दोस्त. १७८१ मध्ये थ्रेल वारला आणि कारखाना विकायच्या खटपटीत खुद्द शब्दकोशकार जॉन्सनसाहेब उतरले. त्याच कारखान्याची पोर्टर १७९६ मध्ये फॅरिंग्टन नावाच्या चित्रकाराने चाखली आणि रोजनिशीत टिपून ठेवलं, की ही रशियाच्या महाराणीसाठी खास बनवतात आणि सात वर्षं टिकते. सात वर्षं! आमच्याकडे कैरीचं लोणचं दुसरा पावसाळा पाहत नाही.

हिंदुस्थानातही काळी पोर्टर जहाजं भरभरून येई. साहेब लोक फिकट एल पीत आणि साधे गोरे शिपाई ही काळी. त्यातले कितीतरी शिपाई पुढे आमच्याच लाइनवरून, कल्याण-कसारा करत, देवळालीच्या छावणीत जाऊन मायदेशीच्या बोटीची वाट पाहत बसायचे. वाट पाहून पाहून त्यांची डोकी फिरत. त्या अवस्थेला त्यांनी नाव दिलं 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुण्यात २००९ मध्ये जागच्या जागी बिअर बनवून विकणारं 'डूलॅली' निघालं, तेही याच देवळालीच्या नावाने. मी गेलो ती जागा निराळी. तिचं नाव मी सांगणार नाही. समीक्षकाने पेयाशी भांडावं, मालकाशी नाही.

अभ्यासाचं दुसरं प्रकरण होतं परवान्याचं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून उभा आहे आणि त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. म्हणून तर आपल्याकडे बारला 'परमिट रूम' म्हणतात. हा परवाना देताना सरकार असं धरून चालतं, की अर्जदाराला हे आरोग्य राखण्यासाठी हवं आहे. वर्षाचा परवाना १०० रुपये, जन्मभराचा १०००. म्हणजे दहा वर्षांत पैसे वसूल. माझं वय ६६. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत होतो, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वर्षाचाच काढा. पुढचं पुढे." हे पुढचं म्हणजे नेमकं काय, याचा खुलासा तिने केला नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या आठ दिवसांत कळून चुकली. काळं, कडक, आंबवलेलं पेय आमच्या घराण्याला नवीन नाही. आमच्या फडताळात ते चाळीस वर्षं आहे. द्राक्षासव! मनुका, मध-साखर, वेलदोडे, दालचिनी, त्यात धायटीची फुलं घालून, तोंड बंद करून मुरवलेलं. त्या फुलांच्या जोरावर ते आतल्या आत आंबतं आणि त्यात आपोआप साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. लेबलवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण मराठी मध्यमवर्ग लेबलवरची फक्त किंमत वाचतो. ज्या घरात बिअर हा शब्द काढला तर देवघरातली समई विझेल, त्या घरात बाळंतिणीला दशमूलारिष्ट आणि आजोबांना द्राक्षासव दोन्ही वेळ जेवणानंतर चालू असतं. चमच्याने घेतलं की औषध आणि ग्लासने घेतलं की व्यसन, असा आपला सरळ शास्त्रार्थ आहे.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. ठाणे स्टेशनवर चिरंजीव न्यायला आले होते. तिथून घोडबंदर रोडला जाईपर्यंत आम्हाला इतका वेळ लागला, की त्या गोऱ्या शिपायांबद्दल माझ्या मनात बंधुभाव दाटून आला. देवळालीचा ताप तो हाच.

जागा झकास होती. काचेच्या पलीकडे स्टीलच्या टाक्या झळकत होत्या. चकलीच्या भट्टीशेजारी वाढलेल्या माणसाला या गोष्टीचं फार कौतुक. माल समोर तयार होतोय म्हटलं की अर्धं समाधान तिथेच होतं. काळ्या पाटीवर खडूने लिहिलं होतं: इंपीरियल डार्क एल, साडेसात टक्के, ४५० रुपये. वर साडेसात खाली साडेचारशे, हे मला एखाद्या नाटकाच्या जाहिरातीसारखं वाटलं. आपल्याकडच्या खाद्यनियमांप्रमाणे बिअर ८ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे महाराणीला सरहद्दीवरच अडवलेलं आहे हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, दोन पावलं कमी तर कमी.

ग्लास आला. इथून समीक्षा सुरू.

रंग: पहिल्या नंबरचा. दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं काही दिसेना; फक्त कडेला काकवीची लाल झाक. मी मनात म्हटलं, वा! पडदा तर जोरात उघडला.

फेस: दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा, दोन बोटं जाड. तो टिकायला हवा. चांगल्या काळ्या एलचा फेस शेवटपर्यंत कडेला जाळी सोडत खाली उतरतो असं मी वाचलं होतं. हा फेस मात्र चिरंजीवांनी मोबाइलवर फोटो काढेपर्यंत थांबला आणि सत्कार उरकून निघून जाणाऱ्या मंत्र्यासारखा अदृश्य झाला.

वास: आलाच नाही. कारण ग्लास बर्फात ठेवून आणलेला होता, बाहेरून घाम फुटलेला. अहो, हे काय पन्हं आहे? कडक काळी एल मातीच्या माठातल्या पाण्याइतपतच गार हवी. तेव्हा कुठे ती तोंड उघडते. गोठवलेली श्रीखंडवडी आणि गोठवलेला साबण यांत डोळे मिटून फरक सांगता येत नाही, तशातली गत.

पहिला घोट: कडू. कडूबद्दल माझी तक्रार नाही. कारल्यावर वाढलेला माणूस आहे मी. पण कडूच्या मागे काहीतरी उभं असावं लागतं. भाजलेला शेंगदाणा, जरा करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, कॉफी, गूळ, असं एकेक जिभेवर येऊन नमस्कार करून जायला हवं. इथे कडू आलं, 'मी कडू' म्हणालं आणि संपलं. मधे पाणी. चक्क पाणी. शेवटी चुलीतल्या राखेची चव आणि एक आंबट हुंदका. मी थांबलो. म्हटलं, पहिल्या अंकावर मत देऊ नये. दहा मिनिटं ग्लास नुसता हातात धरून ऊब दिली. मग थोडा गोडसर वास आला, पण मधली पोकळी जशीच्या तशी. ठाण्यात मामलेदारच्या मिसळीला तिखट म्हणजे खरोखर तिखट असतं. डोळ्यांतून पाणी येतं, पण पाण्याआड मटकी लागते, मसाला लागतो. इथे नुसतं पाणी आलं, तेही डोळ्यांतून नव्हे.

असं का व्हावं? याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. बिअरचं मूळ सातू. त्याला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. बाळाला नाचणीचं सत्त्व करतो, तीच रीत. मग गरम पाण्यात त्याची पेज करायची, म्हणजे त्यातली साखर सुटते. ती हॉप्सची कडू फुलं घालून उकळायची आणि यीस्टच्या हवाली करायची. आता गंमत पाहा. पूर्वी काळसरपणा यायचा तो तपकिरी भाजलेल्या सातूचा भरपूर वापर करून. १८१७ मध्ये लंडनच्या डॅनियल व्हीलरने एक फिरतं पिंप पेटंट करून घेतलं. कॉफीसारखे त्यात मोड आलेले सातू कोळशाइतके काळे भाजता येऊ लागले. या काळ्या सातवाची मूठच मोठा हंडा काळा करते. म्हणजे रंग झाला स्वस्त. अंग मात्र तेव्हाही महाग होतं आणि आजही आहे. पेज दाट व्हायला पोतंच्या पोतं फिकट सातू लागतो, आणि मुरायला महिने लागतात. इथल्या माणसाने मूठ टाकली होती. पोतं आणि महिने वाचवले होते.

मी हे सगळं मनातल्या मनात जुळवत होतो. तोंडाने काही बोललो नव्हतो. तेवढ्यात चिरंजीव पुढे वाकून म्हणाले, "कसं वाटलं, बाबा?"

वाचकहो, तीस वर्षांच्या समीक्षेत मला असा घाम फुटला नव्हता. कारण सांगतो. हा मुलगा नऊ वर्षांचा असताना सोसायटीच्या गणपतीत तबला वाजवायला बसला होता. वर्षभर शिकवणी लावलेली. संपल्यावर पळत माझ्याकडे आला आणि याच डोळ्यांनी बघत म्हणाला, "कसं झालं, बाबा?" मी चारचौघांत म्हणालो, "पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं." चौघे हसले. ७.५२ च्या गाडीत हे वाक्य डोक्यावर घेतलं असतं. त्याने तबला बांधून ठेवला तो कायमचा. अजून आमच्या माळ्यावर आहे, हिच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. तेव्हापासून मी त्याच्या कशावरही मत दिलेलं नाही. चित्र काढलं, छान. बारावीचे मार्क, छान. नोकरी, छान. ठाण्याचा फ्लॅट, छान आहे. सगळ्या जगाला मत देणारा मी, पोटच्या पोराला पंचवीस वर्षं नुसतं 'छान' पाजत आलो.

"छान आहे," मी म्हणालो.

तो मागे टेकला. "बाबा, अर्धा तास एकाच ग्लासकडे बघताय. छान असती तर संपली असती."

मी इकडेतिकडे पाहिलं. आणि मग काय झालं कोण जाणे, त्या साडेसात टक्क्यांनी तेवढं एक काम चोख केलं म्हणा, मी सुरू झालो. रंगापासून धरलं. फेस, थंडपणा, मधली पोकळी, राख, मूठ आणि पोतं, व्हीलरचं पिंप, महाराणी, सगळं सगळं सांगितलं. द्राक्षासव याच्यापेक्षा कसं भरदार असतं तेही सांगितलं. पलीकडच्या टेबलावरची दोन मुलं ऐकायला वळली. वीस मिनिटांनी मी दम खायला थांबलो आणि भीत भीत त्याच्याकडे पाहिलं.

तो हसत होता. म्हणाला, "मला आवडते. मला पातळच बरी वाटते, गरमीच्या गावात दाट कोण पिणार? थंडीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे." मग ग्लास फिरवत जरा वेळाने म्हणाला, "तबल्याच्या वेळी पण एवढं सांगायचं होतंत. पत्र्यावर पाऊस, एवढंच म्हणालात. कुठे चुकलं ते सांगितलं असतंत, तर मी आणखी वाजवलं असतं."

मला काहीच बोलता येईना. म्हणजे आठवत होतं, सगळं आठवत होतं. "लय वाढवताना घाई केलीस," मी म्हणालो. "डग्ग्याचा हात मात्र चांगला होता. नऊ वर्षांच्या मानाने फार चांगला."

"हे आत्ता सांगताय?"

"मूठभरच टाकली रे तेव्हा. पोतं राहून गेलं."

तो खो खो हसला. वेटरला वाटलं, आणखी एक हवी.

परत निघताना "एक ग्लास प्यायलात, एकटे कसे जाणार" म्हणून तो डोंबिवलीपर्यंत सोडायला आला. चार टक्केसुद्धा चढली नव्हती, पण मी हरकत घेतली नाही. कळव्याला आम्ही 'दाट की पातळ' यावर होतो. मुंब्र्याला आवाज चढले. "तुम्हाला सगळं द्राक्षासवासारखं लागायला हवं," तो म्हणाला. "तुला सगळं सरबतासारखं," मी म्हणालो. दिव्याला चढलेल्या एका गृहस्थांनी विषय काय आहे हे न विचारताच माझी बाजू घेतली. कोपरपर्यंत ते तिघांत सर्वांत जास्त बोलत होते.

घरात शिरलो तरी आमचं चालूच होतं. हिने दोघांकडे पाहिलं, पाण्याचे तांबे पुढे केले आणि विचारलं, "केवढ्याला पडलं हे?"

"एक ग्लास साडेचारशे," तो म्हणाला.

"एवढं बोलायला साडेचारशे लागतात होय!" ही म्हणाली. "आधी सांगायचंत. मी भाजीतून काढून दिले असते."

तेव्हा निकाल असा: रंगाला पैकीच्या पैकी, अंगाला नापास, पाहुणचाराला उत्तम. महाराणीने तो ग्लास परत पाठवला असता. चिरंजीव पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणची पाजणार आहेत. तीही तुम्हाला आवडणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय.

मी परवान्याचा हिशेब पुन्हा मांडला. जन्मभराचाच घ्यावा म्हणतो.